पपाची फोर्टातली नोकरी

शेल्बीने फोनवर तीन वेळा बजावलं होतं, "आई, मला ओळख दाखवायची नाही. हात हलवायचा नाही. आणि मुशुमला आधीच सांगून ठेव."

तिचा मुशुम म्हणजे माझा बाप. आमच्या पपाला एखादी गोष्ट आधी सांगून ठेवली की ती उलटी करायची तयारीसुद्धा तो आधीपासूनच सुरू करतो. तरी मी सांगितलं. आमच्या डक लँडिंगपासून फोर्ट रोशेर, कातड्यांच्या व्यापाऱ्यांचा जुना किल्ला, आता संग्रहालय, पाच तासांवर आहे, आणि ते पाचही तास मी त्याला तेच सांगत होते.

"नात माझी, आणि मीच तिला ओळखायचं नाही?" तो मागच्या सीटवरून म्हणाला.

"तिथे रोज अठराशे पंधरा साल असतं, पपा. काम करणाऱ्यांनी त्या सालातून बाहेर यायचं नाही. शेल्बीच्या तोंडून एकदा 'ओके' गेलं, तर एक शेरा मिळाला. एप्रनच्या खिशात फोन वाजला, दुसरा मिळाला. तिसरा मिळाला की घरी."

"मग मिळू दे की. घरी येईल."

माझ्या नवऱ्याने, ग्लेनने, रेडिओचा आवाज वाढवला. आमचा संसार बावीस वर्षं टिकलाय तो उगाच नाही.

खरा प्रश्न ओळखीचा नव्हताच. पपाच्या नावावर सापळ्यांची वाट आहे, गावाच्या उत्तरेला, चाळीस मैलांची, सरकारदरबारी नोंदलेली. त्या रानात कातड्यासाठी बीव्हर आणि पाणमांजरं धरायचा हक्क एकट्या त्याचा. त्याच्याआधी त्याच्या बापाचा होता. दर हिवाळ्यात त्या वाटेवर कुणीतरी चाललं पाहिजे, नाहीतर सरकारी खातं ती काढून घेतं आणि दुसऱ्याला देतं. आता पपा शहात्तर वर्षांचा आहे आणि त्याचा डावा खुबा कामातून गेलाय. विनिपेगचा हाडांचा डॉक्टर म्हणतो, सांधा बदलू, महिन्याभरात चालायला लागाल. पपा म्हणतो, गंजक्या ट्रकला नवे टायर कोण घालतं? म्हणून येत्या सोमवारी तो खात्याच्या ऑफिसात जाऊन ती वाट माझ्या चुलतभावाच्या, डॅरिलच्या नावावर करणार होता. हा डॅरिल असा, की त्याची बर्फावरची स्नोमोबिल सुरू झाली की शेजारच्या प्रांतातले बीव्हर दचकून जागे होतात.

ईस्टरच्या जेवणात शेल्बीने ती वाट मागितली होती. अठरा वर्षांची पोर, पण मागितली सरळ, मीठ मागावं तशी. पपा हो म्हणणार होता. मी त्याचा चेहरा पाहिला होता. तेवढ्यात त्याच दमात ती म्हणाली की उन्हाळ्यात फोर्ट रोशेरला नोकरी लागली आहे, जुन्या काळची बाई बनून लोकांसमोर कातडी खरवडायची. झालं. पपाचा चेहरा मिटला तो मिटलाच.

"माझी पणजी व्यापाऱ्यांच्या दारात बसून कातडी खरवडत मेली," तो आता गाडीत म्हणाला. शंभराव्यांदा. "आणि ही त्याच दारात जाऊन बसते. हौसेने! वर जेवणाची सुट्टी घेते!"

"पणजीलाही मिळायला हवी होती सुट्टी," मी म्हटलं.

सोमवारच्या आधी एकदा त्याने पोरीला काम करताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती. बघून काय होणार, हे मलाही माहीत नव्हतं.

फाटकापाशी आम्ही उतरलो. ग्लेन गाडीसाठी सावली शोधायला गेला, कारण डिकीतल्या बर्फाच्या पेटीत त्याच्या आईच्या हातच्या, बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी होत्या आणि त्यांना ऊन लागलं असतं तर घरी सुतक पाळावं लागलं असतं. पपाने आत शिरताच पहिलं बाकडं धरलं आणि पाय लांब करून बसला.

त्याच्या अंगावर नेहमीचेच कपडे होते. मूस या दांडग्या हरणाच्या कातड्याचं बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर माझ्या आईने भरलेली मण्यांची फुलं. पायात मोकॅसिन, मऊ कातड्याचे जोडे, आणि चिखल लागू नये म्हणून त्यांच्यावर काळे रबरी बूट. आमच्या गावातले सगळे म्हातारे असेच हिंडतात, कुणी मान वळवून बघत नाही. इथे मात्र दोन मिनिटांत त्याच्याभोवती घोळका जमला. मिनियापोलिसहून आलेलं एक कुटुंब सगळ्यात पुढे होतं, चौघांच्याही अंगात एकसारखे टीशर्ट.

"तुम्ही खरे आहात का हो?" त्यातल्या बाईने विचारलं.

पपाने तिच्याकडे नीट पाहिलं. "शनिवारी फक्त दुपारपर्यंत," तो म्हणाला.

"रात्री तुम्ही इथेच झोपता?" तिच्या मुलीने विचारलं.

"ते बघ, तिकडे कातडी दाबायचं यंत्र आहे ना, त्यात. सकाळी मला चपटा करून बाहेर काढतात. चहा प्यालो की पुन्हा फुगतो."

मुलगी यंत्राकडे धावली. बापाने पपाचे चार फोटो काढले. मी जरा लांबच उभी राहिले. ओळख दाखवू नका म्हणून बजावलं होतं ना, मग मी कुणालाच दाखवत नव्हते.

तेवढ्यात अंगणातून एक बाई झपझप आली. पायघोळ झगा, डोक्यावर जुन्या मडमांची टोपी, बॉनेट, आणि बॉनेटच्या आत कानाला वायरलेसचं यंत्र. ती मधेच आपल्या खांद्यावरच्या माइकशी बोलायची. शेल्बीने फोनवर केलेल्या वर्णनावरून मला कळलंच, ही बेथनी, शेरे देणारी.

"अहो, तुम्ही साडेदहाला येणार होता!" ती पपाला म्हणाली. "कातड्यांचं प्रात्यक्षिक सुरू व्हायला हवं होतं. लोक खोळंबलेत!"

कुणीतरी सापळेवाला बाहेरून बोलावलेला असणार आणि तो आला नसणार. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

"रस्त्यात मूस आडवं आलं," पपा म्हणाला.

"बरं, बरं. आणि ते रबर काढा आधी. अठराशे पंधरामध्ये रबर नव्हतं."

"मीपण नव्हतो."

बेथनीला हसायला वेळ नव्हता. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जाकीट मात्र फार सुंदर आहे. भाड्याने कुठून आणलंत?"

"बायकोकडून," पपा म्हणाला. "परत करायचं राहून गेलं."

आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. पपाने वाकून एकेक करून रबरी बूट काढले, बाकड्याखाली सारले, आणि बेथनीच्या मागून लंगडत निघाला. घोळका त्याच्या मागे, आणि घोळक्याच्या मागे मी. लग्नाच्या वरातीसारखे आम्ही अंगण ओलांडून गेलो.

कातड्यांच्या छपराखाली शेल्बी उभी होती. राखाडी झगा, एप्रन, हनुवटीखाली घट्ट बांधलेलं बॉनेट. तिच्यापुढे तिरका रोवलेला ओंडका, त्यावर ओलं बीव्हरचं कातडं, केसांची बाजू खाली. हातात दोन्ही टोकांना मुठी असलेला सुरा. आजोबाला बघून पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मग तिने बेथनीकडे पाहिलं आणि मान लववली.

"या, म्हातारबा. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

पपा बाजूच्या पिंपावर टेकला आणि तिचे हात बघू लागला. ती सुरा स्वतःकडे ओढत होती, छोटे छोटे फटकारे, पाटी पुसावी तसे. चरबी इकडची तिकडे होत होती, निघत नव्हती.

"हे कोणी शिकवलं तुला?" पपाने विचारलं.

"मालकीणबाईंनी. त्यांच्याकडे पुस्तक आहे."

"तुझी मालकीणबाई उंदीर सोलत असेल."

लोक हसले. बेथनी पण हसली, कारण लोक हसत होते. शेल्बी हसली नाही. "मग तुम्ही दाखवा," ती म्हणाली आणि तिने सुरा पुढे केला.

पपा उठला. ओंडक्याच्या वरच्या टोकावर त्याने पोट टेकवलं, दोन्ही हातांनी सुरा धरला आणि पुढे ढकलला, वरून खाली, सगळ्या अंगाचा भार देऊन. चरबीची लांब पट्टी सुटून आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा त्याचा पाय वाकला. त्याने ओंडका धरला नसता तर तो तिथेच बसला असता. मी दोन पावलं पुढे गेले, पण शेल्बी आधी पोचली होती. तिने त्याला पिंपावर बसवलं, त्याच्या हातातला सुरा घेतला आणि ओंडक्यापाशी उभी राहिली.

आता तिने पाय फाकवले होते. पोट ओंडक्याला. एकच लांब ढकल, वरून थेट खालपर्यंत. मग दुसरी. ती दहा वर्षांची असताना पपाने आमच्या मागच्या शेडमध्ये तिला खोक्यावर उभं करून हे शिकवलं होतं, आणि पुस्तकवाल्यांना त्यातलं काही पुसून टाकता आलं नव्हतं. कातडं स्वच्छ निघत गेलं. पपा गप्प बसून बघत होता. कुणी काम नीट केलं की तो गप्पच बसतो. चुकलं की मात्र अख्ख्या गावाला ऐकू जातं.

"हिवाळ्यात तुमच्या वाटेवर कोण जाणार, म्हातारबा?" शेल्बीने मान खाली घालून विचारलं.

बेथनीने समाधानाने मान हलवली. हा प्रश्न पुस्तकात नसावा, पण चांगला होता.

"पुतण्या आहे एक," पपा म्हणाला.

"चांगला आहे?"

"त्याचं यंत्र चांगलं आहे."

बेथनीचा हात कानाकडे गेला. अठराशे पंधरामध्ये यंत्र कुठलं!

"जाईल तो?"

"जाईल. सगळा हिवाळा जाईल."

"दुसरं कुणी नव्हतं?"

"होतं," पपा म्हणाला. "पण ते बॉनेट घालून बसलं."

शेल्बीचा सुरा थांबला. लोक पुढे सरकले. मिनियापोलिसवाल्या बापाने फोन उंच धरला.

"आणि ते अजून मागतंय असं समजा," ती हळूच म्हणाली. "मग काय म्हणाल, म्हातारबा?"

"काही म्हणणार नाही. अठराशे पंधरामधल्या बाईशी मी माझ्या वाटेबद्दल बोलत नाही. आत कोण आहे ते बाहेर येऊ दे, मग बघू."

असा हा माणूस! पोरीची नोकरी आणि पोरीचं रान, दोन्ही समोर ठेवलं आणि म्हणाला, उचल एक. मला इतका राग आला की मी ओरडणारच होते. पण शेल्बीने सुरा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले, हनुवटीखालची गाठ सोडली आणि बॉनेट काढून पिंपावर टाकलं. आतून तिचे निळे रंगवलेले केस बाहेर पडले. गर्दीतल्या एका बाईने "अगंबाई!" केलं.

"मुशुम, मी आहे. शेल्बी," ती म्हणाली. "ती वाट मला दे."

बेथनीचं तोंड उघडं राहिलं.

"येशील?" पपाने विचारलं. "उणे चाळीसमध्ये, पापण्या चिकटतात तेव्हा? तिथे टाळ्या वाजवायला हे लोक नसतात."

मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण. अगं पोरी, नुसतं हो म्हण. पुढचं पुढे बघू.

"सगळा हिवाळा नाही येणार," शेल्बी म्हणाली. "खोटं नाही सांगत. सप्टेंबरपासून ब्रँडनला माझं कॉलेज आहे, दोन वर्षं. मी नाताळात येईन आणि मार्चमध्ये येईन. डॅरिल सगळा हिवाळा येईल, ते खरं आहे. पण दोन वर्षं झाली की मीही सगळा हिवाळा येईन."

"मग या बाहुलीच्या खेळात कशाला आलीस?"

"कारण इथे आठवड्याला सहा बीव्हर माझ्या हाताखालून जातात. तू गेल्या हिवाळ्यात किती धरलेस, मुशुम?"

हे मात्र कुणी बोलायचं नव्हतं. घरात तर नाहीच, आणि साठ परक्या माणसांसमोर तर अजिबात नाही. पपाने जाकिटाचं बटण लावलं. मग काढलं.

"चार," तो म्हणाला.

मग त्याने ओंडक्यावरचं कातडं ओढून घेतलं, दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरलं आणि कडेकडेने सगळं तपासलं. एका ठिकाणी त्याने बोट ठेवलं. "हे भोक?"

"ते सकाळचं. पुस्तकाच्या पद्धतीचं."

"हं," पपा म्हणाला. कातडं परत ओंडक्यावर टाकलं. त्यावरून हात फिरवला. "दोन हिवाळे म्हणजे मलाच चालावं लागणार. तुला काय, बोलायला सोपं आहे. या पायाने मी संडासापर्यंत जाताना दोनदा थांबतो." त्याने खुब्यावर एक चापट मारली. "बदलूनच घ्यावा लागेल हा खुबा. काय कटकट आहे!"

शेल्बी त्याच्या गळ्यात पडली. चरबीने बरबटलेल्या हातांनी, आईच्या मण्यांच्या फुलांवर. तो "अगं, अगं, जाकीट!" म्हणून ओरडत राहिला, पण त्याने तिला ढकललं नाही.

आणि टाळ्या! लोकांना वाटलं, नाटक संपलं. मिनियापोलिसवाली बाई तर डोळे पुसत होती. बेथनी पुढे आली, बोट उगारून शेल्बीला म्हणाली, "हा तिसरा..." आणि थांबली. तिने मागे वळून पाहिलं. गर्दी वाढत फाटकापर्यंत पोचली होती. कानातल्या यंत्रात कुणीतरी काहीतरी बोललं. तिने बोट खाली घेतलं.

"हेच तीन वाजता पुन्हा होईल का?" तिने पपाला विचारलं.

"तीनला मी झोपतो."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक घामाघूम माणूस आला. अंगावर झालरीवाला कोट, दुकानातून नुकताच आणल्यासारखा कडक. "सॉरी, ट्रक बंद पडला होता," तो म्हणाला. "प्रात्यक्षिकासाठी मीच येणार होतो."

बेथनीने त्याच्याकडे पाहिलं, मग पपाकडे. "मग तुम्ही कोण?"

पपाने शेल्बीकडे अंगठा दाखवला. "हिचा आजा. तिकीट काढून आलोय. माझे बूट कुठे आहेत?"

ग्लेन आम्हाला थेट गाडीपाशी भेटला. त्याला सावली सापडायला वीस मिनिटं लागली होती, आणि मग ती सावली सरकली म्हणून त्याने गाडीही सरकवली होती. "काय बघितलंत?" त्याने विचारलं.

"पपाला नोकरी लागली होती," मी म्हटलं. "सोडली त्याने."

"बरं केलं," ग्लेन म्हणाला आणि पेरोगी बघायला डिकीकडे गेला.

मी पपाला मागच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत ठेवला. तो समोर बघत म्हणाला, "सोमवारी त्या विनिपेगच्या डॉक्टरला फोन लाव. डॅरिलला मी सांगतो."

तीन वर्षं मी त्या डॉक्टरसाठी याच्या विनवण्या केल्या होत्या. रडले होते, भांडले होते, एकदा तर त्याच्या घरी जेवायचं सोडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण आत काहीतरी टोचत होतं, आणि मला गप्प बसता येत नाही. ते मी त्याच्याकडूनच घेतलंय.

"तिला विचारलंस तू," मी म्हटलं. "थंडीत येशील का म्हणून."

"मग? विचारायला नको?"

"मला कधी नाही विचारलंस."

मी चेष्टेत म्हणायला गेले होते, पण आवाज वेगळाच निघाला. अठराव्या वर्षी मी नर्सिंग शिकायला विनिपेगला गेले ती ग्लेनला घेऊनच परत आले. मला ऑक्टोबरातच हुडहुडी भरते. "नाहीच म्हणाले असते मी," मी म्हटलं. "पण एकदा विचारायचं तरी होतंस, पपा."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस बोलेल आणि आम्ही दोघंही सुटू.

"विचारायलाच आलो होतो," तो म्हणाला. "तू बॅग भरत होतीस. गाणं म्हणत भरत होतीस. मग दारातूनच परत फिरलो."